माउंटन मेडोज हत्याकांड : ब्रिगहॅम यंगला जबाबदार धरायचं का नाही?

उदगीरकर_७
एमएला अमेरिकेचा इतिहास आहे, मॉर्मन लोकांचं (अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ) वाचायलोय अन एका जागी अडकलोय. ११ सप्टेंबर १८५७, अमेरिकेतल्या युटाच्या दक्षिण भागात माउंटन मेडोज म्हणून कुरण, अर्कान्सासहून कॅलिफोर्नियाला निघालेल्या तांड्याला तिथं चार-पाच दिवस वेढा पडला होता. मग मॉर्मन मिलिशियावाले (तिथल्या लोकांचीच पलटण) पांढरं निशाण घेऊन आले, हत्यारं द्या, सुखरूप नेतो म्हणले. बायका-लेकरं पुढं, मागं एकेका पुरुषाच्या बाजूला एकेक बंदूकवाला, असं थोडं चालवलं अन इशारा झाला की मारलं. साधारण १२० माणसं गेली, १७ बारकी लेकरं तेवढी वाचली. शिक्षा मात्र मिलिशियातल्या एकट्या जॉन ली ला, ती पण १८७७ मधे. ब्रिगहॅम यंग मॉर्मन चर्चचा अध्यक्षपण अन युटाचा गव्हर्नरपण, त्याचं काय? आमचे सर म्हणायलेत त्यानं तर जाऊ द्या म्हणून पत्र लिहिलं होतं.

भूमचा_मास्तर
पत्राचं खरंय. तिथंच जवळ सीडर सिटी गावच्या आयझॅक हाइटनं हॅस्लम नावाचा घोडेस्वार सॉल्ट लेकला यंगकडं पळवला, यंगनं १० तारखेला लिहून दिलं की त्यांना हात लावू नका, पण तो परत पोचला १३ ला, तोवर सगळं उरकलं होतं. हाइट म्हणजे तिथला चर्चप्रमुख अन मिलिशियात मेजर, विचारायला माणूस पाठवला तर उत्तराची वाट तरी बघायची की! माझ्या मते खरा गुन्हेगार तो अन त्याचा कर्नल विल्यम डेम, दोघंही सुटले.

गोदाकाठ
मास्तर, पटलं पण अर्धंच. हुकूम दिला का नाही एवढंच कोर्टात बघतेत हो. त्याच्या आधीचं बघा ना, राष्ट्राध्यक्ष बुकॅननची फौज युटावर निघालेली, ऑगस्टमधे चर्चचा पुढारी जॉर्ज स्मिथ गावोगाव भाषणं देत फिरलेला, प्रवाशांना धान्य विकू नका म्हणून सांगितलेलं, एवढं तापवलं अन मग एक पत्र लिहून हात झटकले. अन नंतर? दोष पाययूट आदिवासींवर ढकलला, ली ला चर्चमधून काढलं ते डायरेक १८७० ला, तेरा वर्षं काय करत होते? आपल्याकडं बघा, कासीम रझवी आपल्या लातूरचाच वकील, तो जेलात गेला अन ज्याच्या राज्यात रझाकार एवढे माजले तो निजाम १९५० ला राजप्रमुख झाला.

शेख_सर_परभणी
गोदाकाठ भाऊ, निजामाचं काढलंच आहे तर पोलीस अ‍ॅक्शननंतर उस्मानाबाद, नांदेडकडं मुसलमानांचं जे झालं तेही धरा. भारत सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं पूर्ण हैदराबाद राज्यात कमीत कमी २७ ते ४० हजार मेले असा अंदाज दिला, अन तो रिपोर्ट कित्येक वर्षं दाबून ठेवला. तिथली जबाबदारी कुणाची हे इकडं कुणी विचारत नाही, युटाचं मात्र सगळ्यांना विचारावं वाटतंय.

गोदाकाठ
सर, ते पण धरायचंच, नाही कुठं म्हणलं.

उदगीरकर_७
म्हणजे हुकूम नव्हता पण आग लावणं अन नंतर झाकणं यंगकडं लागतं, असंच लिहितो. २००७ ला चर्चनं खेद व्यक्त केला त्यात पण सगळा भार तिथल्या लोकल पुढाऱ्यांवरच टाकलाय. पाययूटांवर दोष ढकलला त्याबद्दल तरी बोलले. आता हे दहा मार्कात बसवायचं कसं, मास्तर?

भूमचा_मास्तर
तारखा आधी लिही. ७ वेढा, १० पत्र, ११ कत्तल, १३ परत. हॅस्लमचं लिहिल्याशिवाय पुढं जाऊ नको, मार्क तिथंच देतेत.