शब्दचर्चा : तृतीयपंथीयांचे ‘पुनर्वसन’, ‘उपजीविका’ की ‘रोजगार’?

प्रश्न : तृतीयपंथी व्यक्तींना काम मिळवून देण्याच्या एका प्रकल्पाचं माहितीपत्रक लिहितेय. हाती आलेल्या मसुद्याचं शीर्षक आहे ‘तृतीयपंथीयांचे पुनर्वसन’. ‘पुनर्वसन’ खटकतं. त्याऐवजी ‘उपजीविकेच्या संधी’ चालेल का? आणि तृतीयपंथी, तृतीयपंथीय, पारलिंगी (ट्रान्सजेंडर) यांपैकी काय लिहू?

उत्तर : ‘पुनर्वसन’ काढाच. गाव धरणाखाली गेलं की लोकांना दुसरीकडे वसवतात, तिथे हा शब्द चपखल बसतो. पुढे तो व्यसनमुक्तीसाठी, शिक्षा भोगून सुटलेल्यांसाठी वापरला जाऊ लागला आणि ‘वाट चुकलेल्याला मार्गावर आणणं’ अशी छटा त्याला चिकटली. इथे चुकलंय कोण? मुलाला घराबाहेर काढलं ते घरच्यांनी, शाळा सुटली ती वर्गातल्या छळामुळे. २०११च्या जनगणनेत ‘इतर’ लिंग नोंदवलेल्या सुमारे ४.८८ लाख लोकांमध्ये साक्षरता ५६ टक्क्यांच्या आसपास होती. देशाची तेव्हा ७४ टक्के होती. ‘दहावी उत्तीर्ण’ ही अट कितीजणांना दारातच अडवते ते यावरून दिसतं.

‘उपजीविका’ म्हणजे कशाच्या तरी आधारावर जगणं. त्या अर्थाने मंगती, म्हणजे दुकानांत किंवा सिग्नलवर पैसे मागणं, हीसुद्धा उपजीविकाच, बाळ जन्मल्यावर किंवा लग्नघरी जाऊन घेतलेली बधाईही. तेव्हा उपजीविका तुम्ही नव्याने निर्माण करत नाही आहात. नसतो तो दुसरा पर्याय. ‘रोजगार’ फारसीतून आला, तिथे त्याचा अर्थ काळ, जमाना असाही आहे. मराठीत मात्र तो सरळ काम आणि मोबदला सांगतो. मी ‘रोजगार’ लिहीन, आणि बोलण्याच्या ओघात ‘हाताला काम’.

मंगतीला पत्रकात ‘भीक’ मात्र लिहू नका. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा, १९५९ मध्ये भीक मागण्याच्या व्याख्येत गाणं-नाचणं करून पैसे मागणंही येतं, खासगी जागेत शिरून मागणंही येतं. म्हणजे तो शब्द छापला की वाचणारीला पोलिसांची गाडी आठवते. यल्लम्मा देवीला वाहिलेल्या जोगत्याची गोष्ट आणखी वेगळी. परडी घेऊन तो जोगवा मागतो, त्याच्या लेखी ते देवीचं काम आहे.

मंगतीला स्वतःची व्यवस्थाही असते : गुरू, चेला, ठरलेला इलाका, कमाईतला गुरूचा वाटा. चेल्याने सकाळी दहाला शिवणवर्गाला यायचं तर गुरूशी आधी बोलायला हवं. पत्रकात ‘गुरूंनाही सोबत घेऊन या’ अशी एक ओळ घाला.

आता नाव. ‘पंथी’ म्हणजेच पंथाचा, त्यामुळे ‘तृतीयपंथीय’मधल्या ‘य’ने अर्थामध्ये भर पडत नाही. पण ‘तृतीयपंथीयांना’ तोंडात सहज बसतं आणि सरकारी कागदांतही रुळलंय, म्हणून चालू द्या. खरी अडचण अशी की ‘तृतीयपंथी’ म्हटलं की डोळ्यांसमोर साडी आणि टाळीच येते. मुलगी म्हणून जन्मनोंद झालेला पारलिंगी पुरुष त्यातून निसटतो, आणि कामाची गरज त्यालाही तितकीच असते. २०१९च्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या मूळ व्याख्येत किन्नर, हिजडा, अरवानी (तमिळनाडूतलं नाव), जोगता यांच्याबरोबर पारलिंगी पुरुषही आहेत. ‘तृतीयपंथी व पारलिंगी व्यक्ती’ असं जोडून लिहा. ‘हिजडा’ हा शब्द अनेकजणी स्वतःसाठी ताठ मानेने वापरतात, पण आपण छापायचा तर त्यांना विचारूनच.

‘लाभार्थी’ही नको. रोजगारात भेदभाव करायचा नाही हे त्याच कायद्यात आहे, हा हक्क आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल (सार्वजनिक स्वच्छतेवर लक्ष ठेवणारे) म्हणून कामावर घेतलं. अशी पदनामं छापा. शिकणारी ती प्रशिक्षणार्थी, कामावर लागली की कर्मचारी.

दुसरे उत्तर : सहमत, पण ‘पुनर्वसना’तलं ‘वसन’, म्हणजे राहायला जागा मिळणं, टाकून देऊ नका. २०१७ मध्ये कोची मेट्रोने पारलिंगी कर्मचारी घेतले, त्याचं कौतुक झालं. त्यातल्या काहींनी लगेचच काम सोडलं, कारण शहरात कोणी खोली भाड्याने देईना. पगार होता, रात्री पाठ टेकायला जागा नव्हती. शीर्षकात घर आलंच पाहिजे.

प्रश्नकर्ती : मग ‘रोजगार आणि निवारा : तृतीयपंथी व पारलिंगी व्यक्तींसाठी’ असं करते. अर्जातही एक अडचण आहे. दाखल्यावर ‘गणेश’ आणि समोर बसलेली ‘गौरी’ असेल, तर नावाच्या रकान्यात काय?

उत्तर : पहिला रकाना ‘तुम्हाला हाक मारायचे नाव’, त्याखाली ‘कागदपत्रांवरील नाव (वेगळे असल्यास)’. ‘खरे नाव’ असं कुठेही लिहू नका. जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणारं ओळख प्रमाणपत्र आणि राजपत्रातला नावबदल यांची माहिती अर्जाच्या मागच्या बाजूला द्या. हे कागद नाहीत म्हणून अर्ज परत पाठवला जाणार नाही, हे त्याच पानावर ठळक अक्षरांत हवं.