शब्दचर्चा : नकाशावरच्या रेघेला 'बांध' म्हणावं का?

सड्यावरचा
राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावाचा एक नकाशा करतोय. सरकारी नाही, घरगुतीच. वाडीतल्या लोकांना आपापली ठिकाणं उपग्रहाच्या चित्रावर बघता यावीत, एवढाच हेतू. जुना गावनकाशा स्कॅन केला, क्यूजीआयएस ह्या नकाशांच्या संगणक-प्रणालीत ताणून-ओढून बसवला आणि सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर एकेक करून गिरवले. आता कोपऱ्यात कुठली रेघ कशाची ते लिहायचंय आणि तिथेच अडलोय.

लाल रेघ अभिलेखातली, म्हणजे दोन हिश्श्यांमधली. तपकिरी रेघ चित्रात दिसणाऱ्या गडग्याची, म्हणजे दगडी कुंपणाची, किंवा बांधाची. दोन्ही एकमेकींवर बसत नाहीत. कुठे हातभर फरक, तर कुठे चांगला तीन मीटर. मी लाल रेघेपुढे 'बांध' लिहिलं होतं. काकांनी चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाले, "बांधावर बसून विडी ओढता येते. तुझ्या ह्या रेघेवर बसून दाखव."

मग 'हद्द' लिहिलं, तर वहिनी म्हणाली हद्द पोलीस ठाण्याची असते. 'सीमा' म्हटलं की बंदुका दिसतात. शीव गावाची. मग त्या लाल रेघेला म्हणायचं काय? इंग्रजीत 'पार्सल बाउंडरी' म्हणतात, पण आमच्याकडे पार्सल म्हणजे बिर्याणी.

मेरेवरची
आमच्या कुडाळात मेर. "माझी मेर कोणी कातरल्यान?" हे वाक्य दर जूनला एकदा तरी ऐकू येतंच. पण मेरही मातीचीच, तिच्यावरून चालत जातात. तुमच्या काकांची परीक्षा तीही पास होणार, म्हणजे तुमच्या कामाची नाही.

दप्तरी
भूमापनात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. ह्याचं उत्तर तयार आहे. मोजणीच्या 'क' प्रतीवर, म्हणजे मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशावर, दोन गोष्टी वेगळ्या दाखवतात : अभिलेखाप्रमाणे येणारी हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट. लालला 'हद्द', तपकिरीला 'वहिवाट' लिहा आणि मोकळे व्हा.

दुसरं, न विचारता सांगतो. गावनकाशा गिरवू नका. तो लहान करून काढलेला असतो. १:१०,००० च्या कागदावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर पाच मीटर. तुमचा तीन मीटरचा फरक त्या रेघेच्या जाडीतच मावला. मापं टिपणात, म्हणजे मोजणीच्या वेळच्या मूळ नोंदीत असतात, तिथून काढा.

सड्यावरचा
दप्तरीकाका, टिपणांच्या नकलांसाठी अर्ज करतो. पण 'वहिवाट' पटत नाही. आमच्या आंब्याच्या ठिकाणाला जो गडगा आहे तो पणजोबांच्या वेळचा, अर्धा कोसळलेला. त्याच्या पलीकडची दोन कलमंही आमचीच वहिवाट. म्हणजे गडगा एकीकडे, वहिवाट दुसरीकडे आणि हद्द तिसरीकडे. रेघा तीन झाल्या!

शुद्धमती
'हद्द' हा अरबी शब्द आहे. आपल्याकडे 'सीमा' असताना तो का वापरावा? 'भूखंडसीमा' हा निर्दोष, अर्थवाही शब्द आहे. सैनिक आठवतात ही शब्दाची चूक नव्हे, दूरदर्शन जास्त पाहिल्याचा परिणाम आहे.

चिरेखाण
शुद्धमती, मग 'जमीन' फारसी म्हणून सोडा. 'नकाशा' सोडा, 'हिस्सा' सोडा. उरतो फक्त सातबारा. तो अस्सल मराठी, पण बिचारा शब्दच नाही. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ ह्यांची बेरीज आहे.

आणि भूखंड म्हटलं की मला एमआयडीसी दिसते. भाताच्या चार कुणग्यांना भूखंड म्हणालो तर आजी काठी घेऊन येईल.

शुद्धमती
रुळलेल्याला माझा विरोध नाही. नवी संज्ञा घडवताना तरी उसनवारी नको, एवढंच म्हणणं.

चिरेखाण
इथे कोण घडवतंय? तो माणूस कोपऱ्यात दोन ओळी लिहितोय.

आजोळ_देवरूख
'शीव' फक्त गावाची, हे मूळ धाग्यात गृहीत धरलंय. मुळात शब्द कुठून आला बघा. शीव म्हणजे शिवण! दोन गावं जिथे शिवली जातात ती शीव. आमचे मास्तर सांगायचे. शिवाय 'शिवणे' म्हणजे स्पर्श करणंही. एक गाव दुसऱ्याला जिथे शिवतो ती जागा. इतका सुंदर शब्द असताना हद्दीच्या मागे का लागलाय?

व्हाळाकाठी
मास्तरांची क्षमा मागून. शीव सरळ 'सीमा'पासून. शब्दातल्या 'म'चा मराठीत 'व' होतो, ग्राम-गाव, नाम-नाव, तसं सीमा-शीव. ई-कारापुढे 'स'चा 'श' होणं हेही नेहमीचं. कोकणीत 'म' टिकला, म्हणून गोव्यात आणि आमच्या सावंतवाडीकडे जुनी माणसं 'शीम' म्हणतात. मुंबईचं शीव स्टेशन तेच, मुंबई बेट संपून साष्टी सुरू व्हायची ती जागा. इंग्रजांनी त्याचं सायन केलं. शिवणकाम वेगळ्या धातूचं. कपड्यांच्या दुकानात सोडून या.

मेरेवरची
शीमवरून शिमगा का हो? पालखी गावाच्या शिमेपर्यंत जाते म्हणून?

व्हाळाकाठी
नाही हो ताई. आता हे सुरू करू नका.

एक_पुणेकर
'वेस' कोणी सुचवला नाही? वेशीवर टांगणे वगैरे.

चिरेखाण
वेस असायला गाव एका जागी असावा लागतो. आमच्याकडे वाडीपासून वाडी मैलभर, मधे व्हाळ (ओढा) आणि सडा (उघडा कातळमाथा). वेस बांधणार कुठे? ड्रोनने गावठाण मोजायची स्वामित्व योजना २०२० साली आली तेव्हाही हाच घोळ आठवतो. आमचे निम्मे गाववाले विचारत होते, आपलं गावठाण म्हणजे नक्की कुठलं? घरं सगळी सर्व्हे नंबरात.

आजोळ_देवरूख
व्युत्पत्ती चुकली असेल, पण शिवण मी सोडत नाही. उलट धागालेखकाला विचारते. तुमचे हिस्से एकमेकांना नीट चिकटतात का? मी नगररचनेत ह्याच प्रकारचं काम करते. दोन शेजारचे बहुभुज वेगवेगळे गिरवले की मधे बारीक फटी राहतात, नाहीतर एकावर एक चढतात. इंग्रजीत स्लिव्हर म्हणतात. आम्ही ऑफिसात त्याला 'उसवण' म्हणतो. "अगं, ह्या वॉर्डात चारशे उसवणी आहेत" असं रोज चालतं. आता सांगा, शीव जर शिवण नसेल तर ती उसवते कशी?

सड्यावरचा
ताई, नमस्कार घ्या! आमच्याकडे सत्तर-एक उसवणी निघाल्या. मी त्यांना 'पाचर' म्हणत होतो, कारण बहुतेक एका टोकाला निमुळत्या होतात. उसवण जास्त चांगला. एकावर एक चढतात त्यांना काय म्हणता?

आजोळ_देवरूख
'दुमड'. आणि एकीकडे उसवण, त्याच रेघेवर दुसरीकडे दुमड असेल तर नकाशा फिरवून बसवलाय असं समजा.

दप्तरी
ह्या सत्तर उसवणींत कोर्टाचे दावे लपलेत हे ध्यानात असू द्या. तीन मीटर रुंद आणि चाळीस मीटर लांब पट्टी म्हणजे १२० चौरस मीटर, एका गुंठ्याहून जास्त. गुंठ्याला आमच्याकडे रक्त निघतं.

जुन्या मोजणीची जात पण समजून घ्या. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळीचा वर्ग म्हणजे गुंठा, चाळीस गुंठे एकर. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. आण्याखाली कोण मोजतंय? हातभर फरकाला आम्ही फरक म्हणतच नव्हतो. आता रोव्हर (उपग्रहावरून जागा मोजणारं यंत्र) घेऊन पोरं सेंटिमीटरात बोलतात आणि त्या सेंटिमीटराने आण्यातलं माप तपासतात. भांडणं होणारच.

आणि 'भूकरमापक' ह्या पदनामाकडे बघा. भू-कर मापणारा. सारा ठरवायला मोजणी झाली. बांधाचं भांडण सोडवणं हे मागाहून गळ्यात पडलेलं काम.

व्हाळाकाठी
वा. म्हणूनच सातबाऱ्यावरचा 'आकार', म्हणजे शेतसारा. तो रुपये-पैशात असतो! आमच्या ग्रामपंचायतीत एका प्रशिक्षणाला आलेल्या मुलाने शेपफाइलचं (नकाशातल्या आकृत्या साठवणारी संगणकातली फाइल) भाषांतर 'आकार संचिका' केलं होतं. समोरच्या म्हाताऱ्यांना वाटलं, साऱ्याची थकबाकी काढायला आलाय. दोघे उठून गेले.

शुद्धमती
ह्यात दोष भाषांतराचा नाही. 'आकार' म्हणजे रूप हा मूळ अर्थ. महसुलाने तो बिघडवला.

चिरेखाण
महसुलाने बिघडवला म्हणजे लोकांनी वापरला. शेपफाइलच म्हणा ना, पोरं तेच म्हणतात.

शुद्धमती
आणि थराला लेयर, निर्देशकाला कोऑर्डिनेट, प्रक्षेपणाला प्रोजेक्शन. मग मराठीत राहिलं काय, 'आहे' आणि 'नाही'?

आजोळ_देवरूख
इथे मी चक्क शुद्धमतींच्या बाजूने. 'निर्देशक' शाळेच्या भूमितीत सगळ्यांनी शिकलेला असतो, तरी सरकारी कागदात 'सहनिर्देशक' का लिहितात देव जाणे. 'थर' तर माझा लाडका. "रस्त्यांचा थर बंद कर, शेतांचा वर घे." भाकरीच्या पापुद्र्यासारखं वाटतं.

खाडीपलीकडे
मालवण किनाऱ्यावरून. तुमची लाल रेघ निदान एका जागी उभी आहे. आमची समुद्राकडची बाजू सांगा. सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नकाशे भरतीरेषेपासून मोजतात, पाचशे मीटर आत वगैरे. माझ्या आजोबांना विचारलं भरतीची रेघ कुठली, तर म्हणाले, उधाणाची की भांगाची? अमावास्या-पौर्णिमेचं पाणी माडाच्या मुळाशी येतं, अष्टमीचं पाणी होडीलाही लागत नाही. मग त्यांनी काठीने दाखवलं : ती जांभळ्या फुलांची मर्यादवेल आहे ना, तिच्या अलीकडे कायम कोरडं. म्हणून तिचं नाव मर्यादवेल.

तर 'मर्यादा' का नको? जुना, आपला, आणि समुद्रालाही कळतो.

मेरेवरची
"सर्व्हे नंबर ४२ ची मर्यादा" असं लिहिलंत तर लोक विचारतील, कोणी ओलांडली.

खाडीपलीकडे
मग विचारू देत की. तेच तर विचारायचं असतं.

सड्यावरचा
एक गंमत सांगतो, विषयाला थोडी धरून. गावनकाशावर अक्षांश-रेखांश काहीच नसतात. तो उपग्रहाच्या चित्रावर बसवायला दोन्हीकडे ओळखू येणारे बिंदू लागतात. विहिरी बुजलेल्या, पाणंद वळवलेली, व्हाळ सरकलेला. तीन गावं जिथे मिळतात तो दगड सापडला तर एक बिंदू पक्का. मी आणि भाचा दोन दिवस सड्यावर करवंदीच्या जाळ्या तुडवत हिंडलो. दगड नाही. शेवटी घरी येऊन काकांना सांगितलं, तर म्हणाले, "आधी बोलला असतास! राखणीचा नारळ दरवर्षी कुठे ठेवतो आपण?"

दगडाला शेंदूर आहे. त्याला आम्ही लहानपणापासून देव म्हणून हात जोडत होतो. निर्देशक घेताना भाच्याने चपला काढल्या, मग मीही काढल्या.

दप्तरी
आमच्या वेळी असे बरेच दगड ह्याच कारणाने जागेवर राहिले. शेंदूर नसलेले घरांच्या जोत्यात गेले.

आजोळ_देवरूख
म्हणजे शीव टिकली ती देवामुळे. हिश्श्यांच्या रेघांना देव नाही, म्हणून त्यांना शब्दही नाही? मला हे पटत चाललंय.

व्हाळाकाठी
पटत असेल, पण हीसुद्धा मास्तरांची व्युत्पत्ती वाटते. 'खूण' आहे, 'निशाणी' आहे, कायद्यात 'सीमाचिन्ह' आहे. रेघ ही दोन खुणांमधली कल्पना. खेड्यात कोणी रेघ बघितलीच नव्हती, कागद येईपर्यंत. जे दिसत नव्हतं त्याला नाव कशाला देतील?

चिरेखाण
दिसत नव्हतं म्हणता, पण बांध कोरणाऱ्याला बरोबर दिसतं हो कुठून कुठवर कोरायचं.

शुद्धमती
धागालेखकाने शेवटी काय लिहिलं ते कळेल का?

सड्यावरचा
तात्पुरतं लाल रेघेला 'कागदाची हद्द' आणि तपकिरीला 'गडगा / बांध / वई' असं लिहिलंय (वई म्हणजे कुंपण). प्रिंट काढून काकांना दाखवली. त्यांनी 'हद्द' हा शब्द वाचलाच नाही. बोट ठेवून म्हणाले, "ही तुझी लाल रेघ आपल्या विहिरीतून जाते." तेव्हा सध्या टिपणाच्या नकलेची वाट बघतोय, शब्द नंतर.

शुद्धमती
'प्रिंट' नव्हे, 'छापील प्रत'.

नवीन_सभासद_दापोली
नमस्कार, धागा पूर्ण वाचला नाही. आमच्या शेजाऱ्यांनी पावसाच्या आधी वई पुढे घेतली आहे. द्रुतगती मोजणी मागितली तर दोन्ही बाजूंना नोटीस जाते का? दप्तरीकाका, कृपया सांगाल?