फ्रीकॅड (थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर): भोकांची संख्या समीकरणातून काढताना एरर

प्रश्न: फ्लँजचा (बोल्टने जोडायच्या चकतीचा) पीसीडी, म्हणजे भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, स्प्रेडशीटमध्ये आहे, २०० मिमी. भोकांत साधारण ६० मिमी अंतर हवंय, म्हणून पोलर पॅटर्नच्या (एकच भोक वर्तुळावर पुन्हा पुन्हा मांडणाऱ्या कमांडच्या) संख्येत ‘पाय गुणिले पीसीडी भागिले ६०’ लिहिलं. युनिट जुळत नाही म्हणतो. गणित तर बरोबर आहे!

उत्तर १: गणित बरोबर, पण तुमचा ६० नुसता आकडा आहे. मिमीला आकड्याने भागलं की मिमीच उरतात, आणि भोकं काही मिमीत मोजत नाहीत. ‘६० मिमी’ असं युनिटसकट लिहा. मग १०.४७ येईल, त्याला फ्लोअर (floor, खालचा पूर्णांक देणारं फंक्शन) लावा. १० भोकं, अंतर ६२.८. सील (ceil, वरचा पूर्णांक) लावलंत तर ११ होतील आणि अंतर ५७.१ वर घसरेल. स्पॅनर फिरायला जागा हवी, मी फ्लोअरच घेतो.

प्रश्नकर्ता: झालं! आता तयार स्केचमधलं एक माप त्याच शीटमध्ये परत घेतलं, तर सायक्लिक डिपेंडन्सीची एरर, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींवरच अवलंबून. सेल वेगळा आहे हो.

उत्तर २: सेल वेगळा असून उपयोग नाही. फ्रीकॅड अवलंबित्व अख्ख्या शीटचं धरतो. वाचलेल्या मापांसाठी दुसरी शीट करा.