टाइप-सी पोर्ट आणि ‘नो सिग्नल’

लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टला एचडीएमआय अडॅप्टर लावूनही मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ येतो, म्हणजे अडॅप्टरच खराब असावा, असे आपण लिहिले आहे. पण दोष त्याचाच असेल असे नाही. टाइप-सी हा केवळ पोर्टचा आकार आहे. त्यातून चित्र बाहेर येण्यासाठी लॅपटॉपमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोडची, म्हणजे याच पोर्टमधून ‘डिस्प्लेपोर्ट’ हा एचडीएमआयसारखा चित्राचा सिग्नल पाठवण्याची, सोय असावी लागते, आणि अनेक स्वस्त लॅपटॉपमध्ये ती नसते. पोर्टशेजारी ‘डी’ आणि ‘पी’ गुंफलेली खूण किंवा थंडरबोल्ट या वेगवान जोडणीची, टोकाला बाण असलेली वीज दिसते का, ते पाहावे. खूण नसली तरी सोय असू शकते, म्हणून मॉडेलची तपशीलवार माहिती वाचलेली बरी.

सोय असल्यास, ४के मॉनिटरसाठी सेकंदाला ६० वेळा चित्र बदलण्याचा, म्हणजे ६० हर्ट्‌झचा स्पष्ट उल्लेख असलेलाच अडॅप्टर घ्यावा. स्वस्तात मिळाला म्हणून मी घेतलेला पहिला अडॅप्टर ३० हर्ट्‌झचा निघाला आणि माउसचा बाण पडद्यावर अडखळत सरकू लागला. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय केबलची दिशाही ठरलेली असते: लॅपटॉपकडे एचडीएमआय आणि मॉनिटरकडे डिस्प्लेपोर्ट असेल, तर तीच केबल उलटी लावून चालत नाही, त्यासाठी वेगळा, बहुधा यूएसबीतून वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो.