दसऱ्याला गावात रावण जाळावा का?

झाडीकर
आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यातलं, अर्धं मराठी, अर्धं गोंड. लहानपणी दसरा म्हणजे शिलंगण करून यायचं, घरोघरी आपट्याचं सोनं द्यायचं, थोरांच्या पाया पडायचं. रावण कोणी जाळत नव्हतं. दहा-बारा वर्षांपूर्वी मंडळाच्या पोरांनी तालुक्याला पाहिलं आणि गावात आणलं. तणसाचा पुतळा, पोटात फटाके.

गेल्या दसऱ्याला तो पेटला तेव्हा मी गोंड टोल्यावर, म्हणजे गोंडांच्या वस्तीवर, बसलो होतो. घरची म्हातारी उठली, दार लोटलं आणि चुलीकडं तोंड करून बसली. फटाके थांबेपर्यंत एक शब्द नाही. ती रावणाला आपला पूर्वज मानते. मला वाटतं दहन थांबवावं, सोन्याची रीत जोरात करावी. तुम्ही सांगा.

वैनगंगेकाठचा
भाऊ, नाही पटत. मी रामनवमी धरणारा माणूस. दहन म्हणजे अधर्म जाळणं, कोणाचा पूर्वज नाही. पोरालेही मी हेच सांगतो. आज हे सोडा, उद्या कोणी म्हणन पोळ्याच्या पाडव्याले मारबतीचा पुतळा काढू नका. दुसऱ्याचा मान राखाचा म्हणून आपलंच काहून सोडत जावं?

टोल्यावरची
जय सेवा, काका. मी गोंड. मारबतीला आम्हीही येतो, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत गावाच्या शिवेपर्यंत जातो. रोगराई जावी हे तुम्हालाही वाटतं, आम्हालाही. राम पूजू नका असं आमच्यातलं कोणी म्हटलं नाही. पण शाळेत मी निबंधात ‘दुष्ट रावण’ लिहिलं, चांगले गुण मिळाले, आणि ती वही आजीला दाखवायची हिंमत झाली नाही. अजूनही तिला माहीत नाही.

वऱ्हाडी माणूस
आमच्या अकोला जिल्ह्यात सांगोळ्याला रावणाची काळ्या दगडाची मूर्ती आहे. दसऱ्याला तिथं दहन नाही, पूजा होते. म्हणून कोणाचा धर्म बुडाल्याचं ऐकलं नाही.

वैनगंगेकाठचा
ती त्यांची जुनी रीत, भाऊ. त्यांच्यावर कोणी लादली नाही. तुम्ही इथं चालू असलेलं बंद कराले निघाले. टोल्यापासून लांब, नदीकडं जाळू, एवढं मान्य. फटाकेही नको. पण बंद नाही.

ग्रामसभेतला
१९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित, म्हणजे आदिवासी, क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा जपायचा अधिकार दिला आहे. ठराव होऊ शकतो. पण गावाशी न बोलता नुसता कागद दाखवला, तर पोरं पुढच्या वर्षी दुप्पट उंच पुतळा उभा करतील. मी ती पोरं ओळखतो.

झाडीकर
दादा, म्हणूनच आधी बोलतोय. काका, आपलं काय गेलं तेही बघा ना. आपली दंडार, म्हणजे नाचगाण्याचं लोकनाट्य, चार वर्षांपासून बंद आहे. ढोलकीची पुडी फाटून पडली, ती बदलायला वर्गणी निघत नाही. पुतळ्याला एका संध्याकाळी निघते. दंडारीला टोल्यावरची माणसं पुढं बसायची, पहाटेपर्यंत. ती आपली होती, आणि तिच्यामुळं कोणाला दार लावावं लागलं नाही. रविवारी माझ्यासोबत टोल्यावर चला. म्हातारीच्या हातचा चहा घेऊ, तिच्याच तोंडून ऐका.

वैनगंगेकाठचा
दंडारीचं खरं बोलला. पुडीचे पैसे मी देतो. रविवारी येतोही. पण म्या दहन सोडलं असं गावात सांगू नको.