मदत हवी आहे: विद्यार्थिनीच्या रात्रीच्या जेवणाची सोय

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात एका कॉलेजात शिकवते. माझ्या वर्गात एस. वाय. बीएस्सीला एक मुलगी आहे. आईवडील बीड जिल्ह्यातले, दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. गेल्या आठवड्यात ती प्रॅक्टिकलला उभ्याउभ्या चक्कर येऊन पडली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, मेसचा एकच डबा लावलाय. त्यातल्या दोन पोळ्या दुपारी, दोन रात्री. भाजी तोवर आंबते, म्हणून रात्री पोळीवर नुसतं तिखट-तेल. ऐकून मला त्या रात्री घास गिळवेना.

सरकारी वसतिगृहात तिचा नंबर लागला नाही. वसतिगृह न मिळालेल्या मुलांना राहण्या-जेवणासाठी पैसे देणाऱ्या सरकारच्या स्वाधार योजनेचा अर्ज भरलाय. पुण्यासाठी त्यात वर्षाला ६०,००० रुपये मिळतात, पण ते खात्यात पडेपर्यंत खोलीभाडं थांबत नाही. शिकता शिकता कॉलेजातच काम देणाऱ्या ‘कमवा व शिका’ योजनेच्या जागाही भरल्यात.

डेक्कन, सदाशिव पेठ भागात अशा मुलींना रात्रीचा डबा देणारं कुणी माहीत आहे का? घरगुती असेल तर उत्तमच. स्वाधारचे पैसे रखडल्यावर समाजकल्याण कार्यालयात नेमकं कुणाला भेटायचं, हे अनुभवातून कुणी सांगेल का?

आणि एक. मी पैसे पुढे केले तर मान खाली घालून म्हणाली, “नको मॅडम, भागतंय माझं.” तिला ओशाळं न वाटता मदत कशी पोचवावी? तुम्ही कुणासाठी असं केलं असेल तर जरूर कळवा.