सर्व मंडळ्यांचे सेवाकार्य एका दिशेने कसे न्यावे?

प्रश्न (शरणपूर, नाशिक): आमच्या धर्मप्रांतातील (बिशपांच्या देखरेखीखालील प्रदेशातील) ख्रिस्ती मंडळ्या, म्हणजे स्थानिक चर्च, आपापल्या परीने सुवार्तेचे काम करतात; परंतु सर्वांनी मनापासून एकच सेवायोजना स्वीकारावी, यासाठी सुरुवात कोठून करावी?

उत्तर १: २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, तीही अनेक वर्षांच्या वाटाघाटींनंतर. म्हणून योजना छापून मग संमती मागू नये. कच्चा मसुदाच प्रत्येक पास्टोरेट कमिटीसमोर (स्थानिक मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीसमोर) वाचावा.

उत्तर २: सहमत आहे. मात्र पेठ-सुरगाण्याकडील लहान मंडळीकडून शहराइतक्याच वर्गणीची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. महिला मंडळाचे म्हणणेही अगोदर ऐकावे. आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला त्याच भगिनी जातात.

प्रश्नकर्ता: आपले आभार. पेठ-सुरगाण्याकडे मसुदा तेथील कोकणा बोलीतही वाचून दाखवू.